हेडलाइटची काच पुन्हा पुन्हा पिवळी पडते? घासण्याआधी ती ओली करून बघा

लक्षणं आधी.

काच पिवळसर किंवा दुधाळ झालेली दिसते. वरच्या अर्ध्या भागात जास्त, खाली कमी. बोट फिरवलं तर खरखर लागते. दोन दिव्यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा बराच खराब असतो. डिप्परवर (दिव्यांच्या खालच्या झोतावर) पुढचं नीट दिसत नाही म्हणून अप्परवर गाडी चालवायची सवय लागते, आणि डिप्परवर असलात तरी समोरचा दिवे मारून चिडतो. पावसाळी रात्री तर आपले दिवे लागलेत की नाही हे वाकून बघावं लागतं. आणि शेवटचं लक्षण, ज्यासाठी मुख्यतः हे लिहितोय: दिवाळीत टूथपेस्टनं घासून काच लख्ख केली होती, होळीपर्यंत ती पुन्हा तशीच झाली. उलट थोडी जास्तच पिवळी.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि निम्म्या गाड्या उघड्यावर उभ्या असतात, त्यामुळे ही तक्रार आमच्याकडे बारमाही. नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या, ऑफिसातल्या लोकांच्या गाड्यांवर हे काम करत आलोय. गाडी रोज कुठे तोंड करून उभी राहते ते दिव्यांवरून बऱ्याचदा ओळखता येतं. ज्या दिव्यावर दक्षिणेचं आणि दुपारनंतरचं ऊन पडतं तो आधी जातो.

असं का होतं ते थोडक्यात. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळात दिव्याला खरी काच असायची. ती फुटायची, पण पिवळी पडत नसे. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. ते दगड लागला तरी सहजी फुटत नाही, वजनाला हलकं असतं आणि हव्या त्या आकारात ओतता येतं. पण त्यावर ओरखडे पटकन पडतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. काही वर्षं ऊन, धूळ आणि कोरड्या फडक्याची पुसापुशी सोसून तो थर झिजतो, तडकतो, आणि उघडं पडलेलं प्लास्टिक खराब व्हायला लागतं.

घरगुती उपाय काय करतात, तर हा खराब झालेला पापुद्रा घासून काढतात. गेलेला संरक्षक थर टूथपेस्टमधून परत येत नाही, सोड्यातून नाही, कशातूनच नाही. दिवाळी ते होळी असं का झालं त्याचं उत्तर हेच: घासताना उरलासुरला थरही गेला आणि त्यावर नवीन काही लावलंच नाही.

हे केवळ दिसण्याचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या मोटारचालकांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जुन्या, धुरकट झालेल्या दिव्यांची चाचणी केली, तेव्हा त्यातून नव्या दिव्याच्या साधारण पाचव्या हिस्स्याइतकाच प्रकाश बाहेर पडत होता. उरलेल्यापैकी काही आतच मुरतो आणि काही वाटेल त्या दिशेला विखुरतो. समोरचा चिडतो तो या विखुरलेल्या प्रकाशामुळे. ताडोबाच्या बाजूच्या रस्त्यावर रात्री रानडुक्कर आडवं येतं, तेव्हा हा हिशेब फार जवळून कळतो.

आता तपासण्या. क्रम मोडू नका. पहिल्या चारांना एक रुपयाही लागत नाही, आणि कित्येकदा घासायची गरजच नसल्याचं त्यातच कळतं.

डॅशबोर्डवरचं चाक बघा

स्टीअरिंगच्या उजवीकडे किंवा खाली, शून्य ते तीन आकडे असलेलं छोटं चाक बऱ्याच गाड्यांना असतं. त्यानं दिव्यांचा झोत वर-खाली होतो. शून्यावर झोत सगळ्यात वर. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, म्हणून तेव्हा आकडा वाढवायचा. गाडी धुणाऱ्या पोराच्या हातानं किंवा लहान मुलाच्या खेळात ते चाक तीनवर गेलं की झोत बंपरपुढच्या थोड्याशा रस्त्यावर पडतो आणि मालक म्हणतो, दिवे गेले. हसू नका, हे वारंवार होतं.

भिंतीवर झोत टाका

अंधार पडल्यावर सपाट जागेवर, भिंतीपासून पाचेक मीटरवर गाडी उभी करा आणि डिप्पर लावा. चांगल्या दिव्याची वरची कड स्पष्ट दिसते: उजवीकडे खाली, आणि डावीकडे थोडी वर चढणारी, कारण आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो आणि कडेची माणसं, फलक दिसायला हवेत. कड स्पष्ट आहे पण सगळाच झोत फार खाली किंवा तिरका आहे, तर काम स्क्रूनं बीम सेट करण्याचं आहे, घासण्याचं नाही. कड विरघळून भिंतभर नुसता पिवळा डाग पडला असेल तर दोष काचेत आहे, किंवा तिच्या आत. भिंतीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. काम झाल्यावर फरक पडला की नाही ते दिवसा काच बघून कळत नाही, या फोटोशेजारी दुसरा फोटो ठेवून कळतं.

काच ओली करा

सगळ्यात उपयोगी तपासणी हीच, आणि लोक नेमकी हीच करत नाहीत. काच धुवून घ्या, मग तिच्यावर पाण्याची सलग धार सोडा आणि ओली असतानाच नीट बघा.

ओली झाल्याबरोबर काच स्वच्छ दिसायला लागली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर खूश व्हा. दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. पाणी बारीक खड्ड्यांमध्ये भरतं, पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होतो आणि प्रकाश विखुरायचा थांबतो. घासून काच साधारण कशी दिसेल त्याची ही झलकच म्हणा.

ओली करूनही ढग तसाच राहिला, तर तो आतल्या बाजूला आहे किंवा प्लास्टिकमध्ये खोलवर मुरलाय. मग बाहेरून कितीही टूथपेस्ट चोळली तरी हात तेवढे दुखतील.

नख फिरवा, टॉर्च मारा

काचेवर नख आडवं फिरवा. कुठे पापुद्र्याची कड लागते का? नकाशातल्या बेटांसारखे चट्टे दिसतात का, काही भाग चकचकीत आणि शेजारचा खरबरीत? तसं असेल तर कारखान्याचा थर सोलून निघायला लागलाय. इथे टूथपेस्ट चालणार नाही. शिल्लक थर तिला हार जात नाही आणि उघडा भाग मात्र घासला जातो. पॉलिश पेपरच लागेल, त्याकडे येतो.

मग मोबाइलचा टॉर्च बाजूनं, तिरपा धरून काचेत मारा. प्लास्टिकच्या पोटात केसासारख्या बारीक रेघांचं जाळं चमकलं तर त्या भेगा आहेत. उष्णतेनं किंवा पेट्रोल-थिनरनं पुसल्यानं येतात, आणि जात नाहीत. तिथे घरगुती काम संपलं. आतल्या बाजूला थेंब किंवा तळाशी साचलेलं पाणी दिसलं तरी तसंच. फक्त एक सूट: धुतल्यावर किंवा पावसात काचेच्या आत हलकी वाफ धरते आणि दिवे थोडा वेळ लावले की निघून जाते, ते चालतं. दिव्याला हवा खेळायला मागे छोटी छिद्रं ठेवलेली असतात. बल्ब बदलताना मागची रबरी टोपी नीट बसवली नाही म्हणूनही पाणी आणि धूळ आत जाते. बॉनेट उघडून ती टोपी हातानं दाबून बघायला काही लागत नाही.

बल्ब आणि वायर

काच ठीकठाक आणि तरी प्रकाश मंद असेल तर बल्ब काढून बघा. हॅलोजनच्या बल्बची काच आतून काळपट झाली असेल तर तो म्हातारा झालाय. जोडीनं बदला, नाहीतर एक डोळा पांढरा आणि एक पिवळा दिसतो. नवा बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा राहिला तर तिथे तो जास्त तापतो आणि लवकर जातो.

पुष्कळ लहान गाड्यांमध्ये एच-४ बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. दुकानदार "जास्त उजेड" म्हणून १००/९० वॅटचा हातात ठेवतो. घेऊ नका. त्याच्या उष्णतेनं कपलर (बल्बच्या मागचा वायरचा प्लास्टिकचा जोड) वितळतो, आतला रिफ्लेक्टर (प्रकाश पुढे फेकणारा रुपेरी भाग) करपतो आणि काच आतून पिवळी होते; मग घासायला काही उरत नाही. नियमातही तो बसत नाही.

बल्ब नवा असूनही उजेड नसेल तर अर्थिंग किंवा होल्डर गंजलेला असतो. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगानं कमी होतो. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट असताना बल्बपर्यंत बाराच पोचत असतील तर प्रकाश सुमारे एक तृतीयांशानं घटलेला असतो. मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू आणि दिवे लावलेले ठेवून दोन्हीकडे मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वायरमनकडे जा. मल्टिमीटर नसेल तर सरळ जा, त्याला दहा मिनिटांचं काम आहे.

एवढं करून दोष बाहेरच्या पृष्ठभागावरच आहे असं ठरलं, तर आता हात ओले करू.

पांढरे डाग: इथे व्हिनेगर

पिवळेपणा नाही पण पांढरट ठिपके आणि ओघळ आहेत, विशेषतः रोज बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यानं गाडी धुतली जाते अशा ठिकाणी, तर ते क्षार आहेत. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळा, मऊ फडकं भिजवून दोन-तीन मिनिटं काचेवर ठेवा, पुसा, भरपूर पाण्यानं धुवा. आजूबाजूच्या रंगावर आणि क्रोमवर ते राहू देऊ नका. क्षार आम्लात विरघळतात, म्हणून हे लागू पडतं. पिवळेपणावर व्हिनेगरचा काही उपयोग नाही.

इथेच त्या लोकप्रिय जोडीबद्दल: खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र. मिसळलं की फसफसतं, बघायला छान वाटतं, मुलं खूश होतात. पण त्या फसफसण्यात दोघंही एकमेकांना मारतात. मागे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि एक मीठ उरतं. काच साफ होते ती न विरघळलेल्या सोड्याच्या कणांनी घासली जाते म्हणून. मग सोडा वाया कशाला घालवायचा? सोड्यात चमचाभर पाणी घालून घट्ट लगदा करा आणि तोच वापरा.

हलका धुरकटपणा: टूथपेस्ट किंवा सोडा

ओल्या तपासणीत पास झालेली, नखाला पापुद्रा न लागणारी, नुकतीच पिवळसर व्हायला लागलेली काच असेल तर हे चालतं. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक कण असतात, खडूच्या जातीचे किंवा सिलिकाचे. तेच इथे पॉलिशचं काम करतात. साधी पांढरी, स्वस्तातली पेस्ट घ्या. पारदर्शक जेल बहुतेकदा फार सौम्य पडतं. लवंग, मीठ, कोळसा असल्या जाहिरातींचा इथे काही संबंध नाही. लाल दंतमंजन टाळा, त्याचे कण किती जाड निघतील सांगता येत नाही.

काम सावलीत करा आणि दिवे विझवून काच गार झाल्यावर करा. उन्हात पेस्ट वाळते आणि वाळलेली पेस्ट चोळली की ओरखडे पडतात. आधी शाम्पूनं काच नीट धुवा. धुळीचा एक कण फडक्यात अडकला तर सगळ्या मेहनतीवर रेघ ओढतो. काचेभोवती बॉनेट आणि बंपरच्या कडांना मास्किंग टेप लावा, दुहेरी. पॅकिंगची खाकी टेप नको, तिचा डिंक मागे राहतो आणि पुन्हा रंगवलेल्या भागावरून ती रंगही उचलते.

जुन्या सुती बनियनचा ओलसर तुकडा घ्या, त्यावर पेस्ट, आणि तळहाताएवढ्या भागावर आधी आडवं, मग उभं, बऱ्यापैकी दाबून चोळा. पेस्ट वाळायला लागली की पाण्याचा थेंब द्या. चार-पाच मिनिटांनी धुवा, पुसा, वाळू द्या आणि मगच बघा. ओल्या काचेला बघून समाधान मानू नका. ती ओली असल्यामुळेच छान दिसत असते.

फडक्यावर लक्ष ठेवा. त्यावर पिवळट मळ उतरत असेल तर खराब पापुद्रा निघतोय, चालू ठेवा. फडकं पांढरं राहिलंय आणि काच अजून धुरकट आहे, तर पेस्टची ताकद संपली. तासभर रेटून तीच गोष्ट पुन्हा करण्यात अर्थ नाही.

हे पहिल्यांदाच करत असाल तर घरात उभ्या असलेल्या जुन्या स्कूटरच्या दिव्यावर हात बसवून घ्या, फक्त तो खऱ्या काचेचा नाही ना ते आधी बघा. प्लास्टिकचा असेल तर काम तेच, आकार छोटा, आणि बिघडलं तर घरचे फारसं बोलणार नाहीत.

जास्त खराब किंवा सोललेली काच: पॉलिश पेपर

हा प्रकार स्वयंपाकघरातला नाही, पण हार्डवेअरच्या दुकानात पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर, ज्याला पेंटर लोक वॉटर पेपर म्हणतात, फार स्वस्तात मिळतो. १०००, १५०० आणि २००० नंबर घ्या. ३००० मिळाला तर उत्तम. काच जागोजागी सोललेली असेल तरच सुरुवात ८०० पासून. आकडा जितका मोठा तितका कागद बारीक.

कागद पंधराएक मिनिटं पाण्यात भिजवा. पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका म्हणजे कागद अडत नाही. काच आणि कागद सतत ओले राहिले पाहिजेत. १००० नं आडवं घासा. सुरुवातीला ओघळणारं पाणी पिवळट असतं, मग पांढरं दुधाळ होतं. म्हणजे खराब थर संपून चांगलं प्लास्टिक लागलं. त्यानंतर १५०० नं उभं, २००० नं पुन्हा आडवं. दिशा बदलायची ती एवढ्यासाठी की आधीच्या कागदाच्या रेघा अजून शिल्लक आहेत का ते डोळ्यांना दिसावं. शिल्लक असतील तर पुढच्या नंबरवर जाऊ नका. जाड कागदाची रेघ बारीक कागदानं भरून निघत नाही, आणि रात्री दिवा लागला की तीच चमकते.

१००० नंतर काच आधीपेक्षाही भयानक दिसते, सगळीकडून घासलेल्या बाटलीच्या बुडासारखी पांढरी. इथे घाबरून पुष्कळ जण थांबतात आणि तशीच गाडी घेऊन गॅरेजला जातात. थांबू नका. २००० नंतर ती सारखी, मऊ धुरकट होते आणि शेवटी रबिंग कंपाउंडनं (गाडीचा रंग चमकवायच्या बारीक कणांच्या पेस्टनं), किंवा तेही नसेल तर त्याच टूथपेस्टनं, पारदर्शक होते. टूथपेस्टची खरी जागा ही आहे: शेवटचा हात. ड्रिलला पॅड लावून बफ मारणार असाल तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. घर्षणानं प्लास्टिक तापून मऊ पडतं आणि तिथे कायमचा डाग उठतो.

थर द्या, नाहीतर सगळं फुकट

काच पारदर्शक झाली की लोक फोटो काढतात आणि हात धुतात. खरं काम इथून पुढे आहे. आता प्लास्टिक पूर्ण उघडं आहे, पहिल्यापेक्षा जास्त. तसंच सोडलं तर उन्हाळ्याचे दोन-तीन महिने पुरतात.

आधी काच कोरडी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलकेच पुसा, म्हणजे कंपाउंडचा तेलकटपणा जातो. मग तीन पर्याय, चढत्या खर्चानं.

कार वॅक्स किंवा सीलंट, डब्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण असं स्पष्ट लिहिलेलं. लावायला सोपं, पण दर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. पहिल्या तारखेला गाडी धुताना लावायची सवय लागली तर हा पर्याय चांगला. नाही लागत, हे मला माहीत आहे.

दुसरा, अतिनीलरोधक क्लिअर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, स्प्रे. पातळ हात, मध्ये वाळायला वेळ, तीन-चार थर. धूळ नसलेली जागा हवी आणि कोरडी हवा हवी. पावसाळ्यात मारलात तर दमट हवेनं लॅकर दुधाळ होतो आणि पुन्हा पॉलिश पेपरपासून सुरुवात. आमच्याकडे हिवाळा यासाठी सगळ्यात चांगला. यातला दोन भाग मिसळून वापरायचा टू-के क्लिअर जास्त टिकतो, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात, दम्याचा विकार जडू शकतो. कापडी मास्कनं भागत नाही. तो पेंट बूथ असलेल्या माणसाकडूनच मारून घ्या.

तिसरा, पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे वरून चिकटवायची प्लास्टिकची फिल्म. डिटेलिंगवाले दिव्याच्या आकारात कापून लावतात. पैसे जास्त, पण मार फिल्म खाते, आणि खराब झाली की सोलून नवी लावता येते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी हाच सल्ला देतो.

आणि फुकटातला चौथा: गाडी उभी करताना तोंड भिंतीकडे किंवा झाडाकडे करा.

हे लावू नका

मच्छर पळवण्याचा स्प्रे. याचे व्हिडिओ फार फिरतात, आणि पुसताक्षणी काच खरंच चमकते. त्यातलं डीट नावाचं रसायन पॉलिकार्बोनेटला विरघळवतं. वरचा भाग वितळून सपाट होतो म्हणून चमक येते. काही दिवसांत तो चिकट, मग पहिल्यापेक्षा पिवळा होतो आणि भेगा येतात.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर: हे सगळे प्लास्टिकला आतून तडकवतात. रॉकेल आणि खोबरेल तेल ओरखड्यांमध्ये भरून दोन दिवस बरं दिसतं, मग त्यावर धूळ बसते. गाडी विकायच्या आदल्या दिवशी चोळलेलं तेल ओळखायचं असेल तर ओली तपासणी नको, साबणानं धुवून बघा. हिरवी घासणी, तारेची घासणी, भांड्यांची पावडर, राख, रांगोळी: सगळ्यांचे कण जाड. पितळ उजळायच्या पावडरीही नकोत.

इथे थांबा

दिव्यात पाणी साचत असेल, किंवा ढग आतल्या बाजूला असेल तर दिवा उघडावा लागतो. ओव्हनमध्ये किंवा हीटगननं तापवून काच सोडवायचे व्हिडिओ आहेत. काही दिव्यांचा सील तापवून सुटतो, काहींचा कायमचा चिकटवलेला असतो आणि काच फुटते. हे घरी करू नका.

रिफ्लेक्टर काळवंडला किंवा त्याचा रुपेरी मुलामा उडाला असेल तर तो पुसायलाही जाऊ नका, फडक्यानंच उरलेला निघतो. अख्खी असेंब्ली, म्हणजे काचेसकट पूर्ण दिवा, बदला.

प्लास्टिकच्या पोटात भेगांचं जाळं असेल, क्लिप तुटून दिवा हलत असेल, तर तेच. कपलर वितळलेला किंवा जळका वास येत असेल तर दिवे न लावता दिवसाच वायरमनकडे जा. झेनॉन दिवे असतील तर मागचं काही उघडू नका. ते पेटताना हजारो व्होल्टचा झटका देतात. महागडे एलईडी दिवे, विशेषतः गाडी वॉरंटीत असेल तर, घासण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दोनदा पॉलिश पेपर लावून झालेल्या काचेलाही तिसऱ्यांदा शक्यतो लावू नका. दर वेळी प्लास्टिक थोडं पातळ होतं, आणि हातानं ते सगळीकडे सारखं घासलं जात नाही.

गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल आणि नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायची असेल, तर फिटनेसच्या तपासणीत दिवेही बघतात. त्या आधीच्या आठवड्यात घाईनं घासण्यापेक्षा महिनाभर आधी भिंतीवरचा झोत बघून घासायचं की बदलायचं ते ठरवा.

बदलायचं ठरलंच तर माझा कल असा: बाजारातली अगदी स्वस्त नक्कल घेण्यापेक्षा भंगारातल्या गाडीची मूळ कंपनीची, चांगल्या काचेची असेंब्ली बघा, मुंबईकरांना कुर्ल्यात पर्याय भरपूर. स्वस्त नकलांवरचा कडक थर इतका कच्चा असतो की दोन उन्हाळ्यांत त्या पिवळ्या पडलेल्या पाहिल्यात. जुनी असेंब्ली घेताना काउंटरवरच ती ओली करा, नख फिरवा, टॉर्च मारा. कुठलीही बसवली तरी गॅरेजमधून निघण्याआधी भिंतीवर बीम सेट करून घ्या, आणि फिल्म लावायची असेल तर ती पहिल्याच आठवड्यात लावा, काचेवर अजून ऊन फारसं पडलेलं नसताना.